वऱ्हाडच्या उन्हात गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला आणि प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले. उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान त्याहूनही बरेच चढते. म्हणून वऱ्हाडात घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बसवणाऱ्याने आधी जागेचा विचार करावा. मागच्या काचेखालची फळी नको. सीटखाली किंवा डिकीत चालेल, पण चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे. नाहीतर ऐन दुपारी तो तापून आपोआप बंद पडतो.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी.

खरा धोका धन तारेत आहे. ४०० वॉटचा जुन्या धाटणीचा, एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची स्वस्त तार तेवढ्याच जाडीत जास्त तापते. इथे पैसे वाचवू नयेत. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा. तो अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवला, तर मधली तार पत्र्याला घासून शॉर्ट होताच पेट घेऊ शकते.

अर्थिंगची तार आखूड ठेवावी आणि पत्र्यावरचा रंग खरवडूनच बोल्ट आवळावा. अमरावती-अकोला महामार्गावर वेग वाढताना गाण्याआडून शिट्टीसारखा आवाज चढत गेला, तर बहुधा हाच जोड कच्चा असतो, किंवा सिग्नलची केबल विजेच्या तारेला लागून टाकलेली असते. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.