मोत्या अष्टविनायकाला निघाला

सुट्टी लागली की आपल्या गटांच्या सहली निघतात. कुणी जीप ठरवून अष्टविनायक करतं, कुणी जेजुरी, कुणी कोकणात समुद्र बघायला जातं. डबे ठरतात, भाडं ठरतं, आणि निघायच्या आदल्या रात्री आठवतं, अगं, कुत्र्याचं काय करायचं? मांजराला कोण बघणार?

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झालं. मागे कुणीच राहणार नव्हतं, म्हणून मोत्याला जीपमध्ये घेतला. दिवस चैत्राचे. एका देवळापाशी रांग लहान दिसली. म्हटलं, दहा मिनिटांत येऊ. गाडी झाडाच्या सावलीत लावली, दोन काचा चार-चार बोटं उघड्या ठेवल्या आणि मोत्याला आत ठेवून गेलो. परत यायला पाऊण तास लागला. तोवर सावली सरकली होती. मोत्या सीटखाली आडवा पडला होता, जीभ बाहेर, लाळेच्या तारा लोंबत होत्या. हाक मारली तर शेपूटही हलली नाही.

समोर हार विकत बसलेल्या मावशींनी काही न विचारता फुलांवर शिंपडायची बादली उचलली आणि त्याच्या पोटावर, पायांवर ओतली. एवढ्यानं तो वाचला. पुढं डॉक्टरांकडं सलाईन लावावं लागलं, पण ती बादली नसती तर डॉक्टरांपर्यंत तो पोचला नसता.

आता हे का होतं ते सांगते. आपल्याला उकडलं की सगळ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीला, तोही थोडा. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. बंद गाडीतली हवाच तापली की धापा टाकून उपयोग होत नाही. बाहेर ३० अंश असेल तर उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत आतून ४० अंशांपर्यंत जाते आणि अर्ध्या तासात पन्नाशीला टेकते. काच थोडी उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. लेकीकडं शहरात चपट्या नाकाचं कुत्रं असेल, तर त्याला आणखी लवकर त्रास होतो, कारण मुळात त्याची श्वासाची वाट अरुंद असते.

म्हणून गाडी थांबली की कुत्रा बाहेर, आणि दर्शनाला आळीपाळीनं जायचं. दोघी वर, एक त्याच्याजवळ. तरीही तो आडवा झालाच तर सावलीत न्या, साधं पाणी पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर ओतत राहा आणि पदरानं वारा घाला. ओलं पोतं अंगावर पांघरून तसंच ठेवू नका, ते तापतं. बर्फ नको. शुद्धीवर असेल तर भांडं पुढं धरा, पण घशात पाणी ओतू नका. उठून चालायला लागला तरी डॉक्टरांना दाखवा, आतल्या अवयवांना झालेली इजा मागाहून कळते. दुपारी डांबरी रस्त्यावर उतरवण्याआधी आपला तळहात रस्त्याला लावून बघा. सात आकडे मोजेपर्यंत टेकवता आला नाही, तर त्याचे पंजे पोळणार.

आपल्या गावातली कुत्री मोकळी वाढलेली असतात. बऱ्याच जणांच्या गळ्यात पहिला पट्टा पडतो तो नेमका सहलीच्या दिवशी. मग ते बिथरतं, पट्ट्यातून मान काढून घेतं आणि अनोळखी गावात पळून जातं. घराच्या आसपास कुठूनही परत येणारं कुत्रं शंभर किलोमीटरवर काय करणार? तेव्हा निदान आठ दिवस आधी पट्टा बांधा आणि सोबत गावात हिंडवून आणा. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर न पुसणाऱ्या शाईनं लिहा. पिकअपच्या हौद्यात गळ्याला लांब दोरी बांधून तर कधीच नेऊ नका. त्यानं बाहेर उडी घेतली की ती दोरीच फास होते. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी चालेल. दर दोन तासांनी खाली उतरवा. रेल्वेनं जायचं असेल तर स्लीपरच्या डब्यात कुत्रा नेता येत नाही. त्याची सोय गार्डाच्या डब्यातल्या पेटीत असते, किंवा पहिल्या वर्गाची अख्खी खोली आपल्या नावावर असेल तर तिथं.

मांजराबद्दल माझं मत विचाराल तर मांजराला सहलीला नेऊ नये. कुत्रं माणसांना धरून असतं, मांजर घराला. चार दिवस जाऊबाईंनी येऊन वाटीत दूधभात ठेवला, पाणी बदललं, तरी त्याचं भागतं. घरच बदलणार असेल तर इलाज नाही. मग टोमॅटोचे दोन क्रेट एकावर एक उपडे घालून घट्ट बांधा, आत वापरलेलं जुनं लुगडं घाला, आणि हे आठवडाभर आधी घरात ठेवून त्यातच त्याला खाऊ घाला. वाटेत कितीही ओरडलं तरी ढाब्यावर क्रेट उघडायचा नाही. नव्या घरी दोन-तीन आठवडे दार बंद ठेवा, नाहीतर ते जुनं घर शोधायला निघतं.

प्रवासात मांजराला किंवा कुत्र्याला आपल्या पर्समधली गोळी देऊ नका. अंग गरम लागतंय म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कांदाभजी, मनुका, चॉकलेट हेही दोघांना नको.

आता मुक्कामाचं. ओझर, लेण्याद्री जुन्नर तालुक्यात आहेत आणि तिथल्या उसात बिबटे राहतात. बिबट्याला कुत्रं सहज मिळणारी शिकार. आपल्याकडं रात्री अंगणात बांधतो तसं तिथं बांधलं तर सकाळी नुसती साखळी सापडेल. धर्मशाळेत आत घेऊ देतील का, हे फोनवर आधीच विचारा. लेण्याद्रीला पायऱ्यांवर माकडं असतात, तिथं कुत्र्याला खालीच ठेवा. तिथून पुढं भीमाशंकरला जायचं असेल तर तो सगळा भाग अभयारण्य आहे. जंगलात कुत्रा नेऊच नये. आपल्या कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर वन्य प्राण्यांनाही लागतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगानं सुमारे हजार सिंह मेले, आणि तो आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांकडून आला होता.

राहिली लस. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यायची, पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला तीन आठवडे लागतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. मांजरालाही लस हवी, त्यालाही रेबीज होतो. कार्ड पिशवीत ठेवा. वाटेत कुणाला कुठलंही कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. देवदर्शन राहिलं तर राहू दे.

घरी आल्यावर अंगणातच त्याचं अंग तपासा. कानात, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात गोचीड लपतात. चिमट्यानं कातडीला लागून धरायचा आणि सरळ ओढायचा. रॉकेल टाकायचं नाही, बोटांनी चिरडायचा नाही. मोत्याच्या कानामागं आम्हाला तीन सापडले होते.