फिरत्या घरातील गिझर

अमेरिकेत मोटारघरातून महिनोन्‌महिने प्रवास करणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या गिझरची टाकी बहुधा ६ गॅलनची, म्हणजे सुमारे २३ लिटरची असते. हिवाळ्यापूर्वी ती रिकामी केली नाही, तर पाणी गोठून सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व टाकीला तडा जातो. असा गिझर बदलणेच श्रेयस्कर.

प्रथम गॅस व वीज बंद करून, निवालेले पाणी सोडून देतात. नवा गिझर जुन्याच मापाचा घ्यावा. गॅसच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहिल्यावाचून काम पुरे होत नाही; प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि त्याच चिमुकल्या जागेत माणसे झोपतात. टाकी भरण्यापूर्वी मात्र वीज सुरू करू नये. कॉइल जळून जाते.