ताम्रपट वाचणारे कुलगुरू : डॉ. रा. गो. भांडारकर

वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, हे आज सर्वमान्य आहे. या निर्णयामागे संस्कृतच्या एका प्राध्यापकाची मेहनत आहे. बडोद्याचा कर्कराजाचा ताम्रपट (शके ७३४) अभ्यासकांच्या हाती होता, पण त्यातल्या एलापूरविषयीच्या, म्हणजे वेरूळविषयीच्या, श्लोकांचा अर्थ नीट लागत नव्हता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८३ मध्ये त्यांचा अन्वय लावून दाखवला. कृष्णराजाने उभारलेले हे मंदिर पाहून आकाशमार्गे जाणारे देव थक्क झाले आणि घडवणाऱ्या शिल्पीलाही स्वतःच्या कामाचे नवल वाटले, असा या श्लोकांचा आशय. भांडारकरांनी व्याकरणाच्या बळावर इतिहासाची गाठ सोडवली.

१८३७ मध्ये मालवणात जन्मलेले भांडारकर रत्नागिरीहून एल्फिन्स्टन कॉलेजात आले. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली तुकडी पदवीधर झाली, तीत ते न्या. रानड्यांसोबत होते. शाळेत हेडमास्तरकी करत असतानाच त्यांनी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके लिहिली आणि त्यांवर मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. पुढे एल्फिन्स्टनमध्ये हंगामी प्राध्यापक म्हणून काम करूनही १८७३ मध्ये कायमची जागा पीटर पीटरसन यांना मिळाली. भांडारकरांनी अभ्यास सोडला नाही. १८८२ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि १८८५ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

मराठवाड्याने त्यांचा १८८४ चा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ आवर्जून वाचावा. पैठणचे सातवाहन आणि देवगिरीचे यादव त्यात ठोस पुराव्यानिशी उभे राहतात. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या व्रतखंड या ग्रंथातील यादवांची राजप्रशस्ती त्यांनी वेगवेगळ्या पोथ्या ताडून संपादित केली आणि तिची वंशावळ कोरीव लेखांशी पडताळली. सोयीचा पुरावा घ्यायचा आणि अडचणीचा टाकायचा, हे त्यांना मान्य नव्हते.

१८९३ मध्ये न्या. तेलंगांच्या पाठोपाठ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या काळी विद्यापीठाचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. कारकीर्दही दोनच वर्षांची. तरीही या नेमणुकीचे मोल मोठे आहे. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते, त्याच विद्यापीठाची धुरा त्यांच्या हाती आली, आणि तीही केवळ विद्वत्तेच्या जोरावर. ही विद्वत्ता पोथीपुरती नव्हती. १८९१ च्या संमतिवयाच्या (शरीरसंबंधासाठी मुलीच्या किमान वयाच्या) वादात त्यांनी शास्त्रग्रंथांचेच आधार काढून सुधारणेची बाजू मांडली आणि स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला.

पद सुटले तरी काम थांबले नाही. १९१३ मध्ये वैष्णव आणि शैव पंथांवरचा ग्रंथ आला. १९१७ मध्ये त्यांच्या नावाने पुण्यात प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. १९२५ मध्ये ते वारले.

छत्रपती संभाजीनगरात १९५८ पासून विद्यापीठ आहे आणि भोवताली वेरूळ, पैठण, देवगिरी. या भूमीचे लेख, पोथ्या आणि मोडी-फारसी कागद मुळातून वाचणारे विद्यार्थी इथेच तयार व्हायला हवेत. संस्कृत, प्राकृत, फारसी आणि मोडीच्या वर्गांना विद्यापीठाने हात आखडता न घेता पैसा आणि शिक्षक द्यावेत. भांडारकरांचे खरे स्मारक तेच ठरेल.