ट्यूबवरील मासेमारी : जागा, जोडणी आणि जीविताची काळजी

धरण होते तेव्हा जमीन पाण्याखाली जाते आणि काठावरील माणसाच्या वाट्याला पाणी येते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याचा पाणफुगवटा आज सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतील गावांच्या शिवारांस भिडलेला आहे. या काठावर ऊस पिकतो, केळी पिकते, आणि ज्याच्याजवळ जमीन थोडी आहे तो कटला, रोहू, मृगळ, चिलापी, वाम व मरळ पकडून घरखर्चास हातभार लावतो. हा जोडधंदा चांगला आहे. परंतु होडी घेण्याची ऐपत प्रत्येकास नसते. मग मालमोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब आणावयाची, तीत हवा भरावयाची, वर फळी टाकावयाची आणि जाळे घेऊन पाण्यात उतरावयाचे, असा प्रघात अनेक जलाशयांवर पडलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अशाच एका काठावरील गावी पिकांच्या पाहणीसाठी गेलो असता तेथील एका तरुण शेतकऱ्याच्या घरी दुःखाचा प्रसंग ओढवलेला होता. आदल्या दिवशी दुपारी तो एकटाच ट्यूबवर बसून जाळे काढावयास गेला. वळवाचे वारे सुटले. संध्याकाळी ट्यूब आपोआप काठाला लागली, ती अगदी शाबूत होती. तरुण मात्र दुसऱ्या दिवशी सापडला, तो आपल्याच जाळ्यात पाय गुरफटलेल्या स्थितीत. तेथे बसलेल्या एका वृद्ध मच्छीमारास मी विचारले, “मामा, ट्यूब फुटली नव्हती, मग हे झाले कसे?” ते म्हणाले, “साहेब, टूब कुठं बुडती? बुडतो तो माणूस.”

या एका वाक्यात सर्व शास्त्र आलेले आहे. ट्यूब तरंगते यावर विसंबून माणूस निर्धास्त होतो. परंतु ट्यूब तरंगणे आणि माणूस ट्यूबवर टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यास होडी परवडत नाही त्याला “ट्यूबवर जाऊ नका” एवढेच सांगून भागणार नाही. जावयाचेच तर कोठे जावे व कसे जावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे होईल.

ट्यूब किती भार उचलते?

पाण्यात बुडालेली वस्तू जितके लिटर पाणी बाजूस सारते, साधारण तितके किलो वजन ती उचलून धरू शकते. बाहेरून एक मीटर व्यासाची आणि पाव मीटर जाडीची फुगलेली ट्यूब घेतल्यास तिच्यात सुमारे ११५ लिटर हवा मावते. म्हणजे ती पूर्ण बुडेपर्यंत सुमारे ११५ किलो भार पेलेल. आता हिशेब करू. माणूस ६० किलो, फळी ५ किलो, भिजलेले जाळे १० किलो आणि मासे १५ किलो, मिळून ९० किलो झाले. ट्यूबचे स्वतःचे वजन निराळेच. अशा वेळी ट्यूबचा थोडासाच भाग पाण्यावर राहतो आणि लहानशी लाटही अंगावर येते. म्हणून एकूण भार ट्यूबच्या शक्तीच्या निम्म्याच्या आसपास राहील अशी व्यवस्था असावी.

दुसरी गोष्ट तोलाची. फळी ट्यूबच्या वर ठेवून तीवर बसले म्हणजे शरीराचा भार पाण्याच्या पातळीपेक्षा वर जातो. जाळे ओढण्यासाठी एका बाजूस वाकताच ट्यूब उलटते. याउलट ट्यूबच्या मधल्या पोकळीत पट्ट्यांची झोळी बांधून तीत बसले आणि कंबर व पाय पाण्यात राहिले, तर भार खाली येतो व तोल पुष्कळ सुधारतो. अमेरिकेत गळाने मासे धरणारे हौशी लोक याच रीतीने ट्यूबमध्ये बसतात व पायांत रबरी पंखे घालून पुढे सरकतात. त्यांच्या नव्या तराफ्यांचा आकार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा पुढून उघडा असतो. त्यामुळे अडचणीच्या वेळी माणसास चटकन बाहेर निसटता येते. शिवाय त्यांत हवेचे कप्पे एकाहून अधिक ठेवतात, म्हणजे एक फुटला तरी दुसरा आधार देतो.

आपली सांगड पुन्हा बांधावी

हवेचे दोन कप्पे ठेवण्याची युक्ती आपणांस नवी नाही. नदी उतरण्यासाठी वाळलेले पोकळ भोपळे जोडीने बांधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या जोडीसच सांगड म्हणत, आणि दोन गोष्टींची सांगड घालणे हा शब्दप्रयोग आपण आजही करतो. तेव्हा एका ट्यूबवर न जाता दोन ट्यूबांची सांगड बांधावी, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

सारख्या मापाच्या दोन ट्यूबा शेजारी ठेवून त्यांवर दोन सरळ बांबू आडवे घालावे. बांबूंची टोके व पेरी तासून गुळगुळीत करावी आणि ट्यूब व बांबू यांच्यामध्ये गोणपाटाची घडी द्यावी, म्हणजे रबर घासले जाणार नाही. बांधणी रुंद पट्ट्यांनी करावी, कारण बारीक दोर रबरास कापतो. एका ट्यूबच्या पोकळीत बसण्याची झोळी असावी. दुसऱ्या ट्यूबवर जाळे व माशांची टोपली ठेवावी. एक ट्यूब निकामी झाली तरी दुसरीला धरून राहता येते. झोळीत बसावे, परंतु स्वतःस झोळीशी किंवा ट्यूबशी कधीही बांधून घेऊ नये.

ट्यूब निवडताना ठिगळांवर ठिगळे लावलेली किंवा भेगा पडलेली ट्यूब घेऊ नये. टायरच्या बाहेर असलेल्या ट्यूबमध्ये टायरइतकी हवा भरल्यास ती फुटते. हाताने दाबून घट्ट लागेल इतपतच हवा भरावी. व्हॉल्व्हची धातूची नळी पोटास किंवा मांडीस लागू नये म्हणून तीवर जाड कापड गुंडाळावे. दुपारच्या उन्हात भरलेली हवा थंड पाण्यात आकुंचन पावते आणि घट्ट वाटलेली ट्यूब सैल पडते. यास्तव प्रथम काठाजवळ पाव तास ती पाण्यात ठेवून पुन्हा तपासावी. उलटपक्षी, काम संपल्यावर फुगलेली ट्यूब उन्हात टाकून ठेवू नये.

जागा कशी पाहावी?

शक्यतो गावतळे, पाझर तलाव किंवा मोठ्या जलाशयाची आत शिरलेली, वाऱ्यापासून आडोशाची बाजू निवडावी. आपण जेवढे अंतर विनासायास पोहू शकतो त्याच्या निम्म्यापेक्षा अधिक अंतर काठापासून जाऊ नये. ज्यास पोहता येत नाही त्याने ट्यूबवर जाऊच नये.

पुढील जागा कटाक्षाने टाळाव्या. धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा व कालव्याचे मुख यांच्याजवळ पाण्याची ओढ वरून दिसत नाही, पण ती असते. पाणी उपसणाऱ्या विजेच्या मोटारी व त्यांच्या केबली यांच्या आसपास जाऊ नये. केबलीचे आवरण फाटलेले असल्यास पाण्यातील माणसास विजेचा धक्का बसतो. जुन्या गावठाणाच्या भिंती, विहिरी आणि बाभळीची झाडे पाण्याखाली असतात. उजनीचे पाणी खाली गेले म्हणजे पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते हे पुष्कळांनी पाहिले आहे. पाणी चढल्यावर असे सर्व बांधकाम दृष्टीआड होते, पण नाहीसे होत नाही. बाभळीचा एक काटा ट्यूबला पुरे होतो. जलपर्णीचे थर वाऱ्याबरोबर सरकून परतीची वाट अडवितात. उन्हाळ्यात पाणी हटलेल्या काठावर खोल गाळ असतो, त्यात पाय रुततात. सांगली भागात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत. तेथे व जेथे जेथे मगरीचा वावर असेल तेथे पाय पाण्यात सोडून बसण्याचा हा प्रकार सर्वथा वर्ज्य समजावा.

वारा हा खरा शत्रू

ट्यूबला सुकाणू नसते आणि वाऱ्यापुढे हाताच्या वल्ह्याचे फारसे चालत नाही. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी मूठभर माती उडवून वाऱ्याची दिशा पाहावी. वारा पाण्याकडून आपल्या काठाकडे येत असेल तरच उतरावे, म्हणजे हात थकले तरी वाराच आपणांस परत आणून सोडील. काठाकडून पाण्याकडे वारा वाहत असता जाताना फार सोपे वाटते. फसगत होते ती येताना.

चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात व क्षणात वादळ उठते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या मार्गावरील बोट सायंकाळी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. जेथे बोटीची ही गत, तेथे ट्यूबची काय कथा? या दिवसांत सकाळी लवकर जावे व ऊन चढण्यापूर्वी परतावे. ढग काळवंडले, गडगडाट ऐकू आला किंवा वारा एकाएकी पडला, तर जाळे तेथेच सोडून काठ गाठावा. जाळे पुन्हा घेता येते.

पाण्यातील वर्तन

एकट्याने कधीही जाऊ नये. दोन सांगडी बरोबर असाव्या, निदान एक माणूस दोर घेऊन काठावर लक्ष ठेवणारा असावा. आपण कोठे चाललो व केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. भारतीय मानक चिन्ह असलेले जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे पट्टे आवळावे. ते टोपलीत ठेवून उपयोग नाही. गळ्यात शिटी असावी आणि हाताशी येईल अशा जागी म्यानातील धारदार चाकू असावा. नायलॉनचे जाळे पायात गुंतल्यास ओढाताण करू नये, त्याने गुंता वाढतो. स्थिर राहून चाकूने धागे कापावे.

जाळे सोडताना ते मांडीवर न घेता दुसऱ्या ट्यूबवर घडी करून ठेवावे व आपण मागे सरकत ते पुढच्या बाजूस सोडावे. जाळ्याचा दोर मनगटास, कमरेस किंवा पायास गुंडाळू नये. सैल धोतर, लुंगी किंवा गुडघ्याएवढे बूट घालून उतरू नये. मद्यपान करून पाण्यात जाणे म्हणजे आत्मघातच होय. ट्यूब उलटल्यास तिला सोडून काठाकडे पोहत जाण्याची घाई करू नये. तिला धरून राहावे आणि शिटी वाजवावी.

माणूस बुडत असल्यास

बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी एकदम उडी घेणारा पुष्कळदा स्वतःच प्राणास मुकतो. काठावरून दोर, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा फेकावा. बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे या जुन्या समजुती घातक आहेत. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर त्यास उताणे निजवून, हनुवटी वर करून प्रथम तोंडाने श्वास द्यावा. नंतर छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० या गतीने सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावे. ३० दाबांमागे दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत सोडू नये. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. माणूस शुद्धीवर आला तरी त्यास दवाखान्यात न्यावेच.

गावकार्यकर्त्यांस विनंती

जलाशयातील मासेमारीचा हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्याने दिला जातो; संस्थेच्या परवानगीवाचून जाळे टाकू नये, हे शेतकरी बांधवांस समजावून द्यावे. सभासदत्वाचा आणखी एक लाभ आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांच्या सामूहिक अपघात विम्याची तरतूद करण्यात आली असून मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये देण्याचे तीत ठरले. आपल्या गावातील किती जणांची नावे अशा विम्यास नोंदलेली आहेत, याची चौकशी मत्स्यव्यवसाय कार्यालयात करून यादी पुरी करावी.

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासतो, तशीच पाण्यात उतरण्यापूर्वी ट्यूब, वारा आणि जागा तपासण्याची सवय गावास लागली पाहिजे. यासाठी एखाद्या रविवारी गावतळ्यावर सर्वांस जमवून सांगड बांधून दाखवावी, जाकीट घालून दाखवावे, दोर फेकण्याचा सराव करून घ्यावा. त्या तरुणाच्या अंगणात त्या दिवशी त्याची ट्यूब भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्यातील हवा जराही कमी झालेली नव्हती. ट्यूब परत यावी आणि माणूस येऊ नये, असा दिवस पुन्हा कोणत्याही अंगणात उगवू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.