सभागृह रखडले, मुलांनी किती वर्षे थांबायचे?

स्नेहसंमेलन जवळ आले की सरकारी शाळेतल्या बाईंपुढे पहिला प्रश्न नाटक कोणते बसवायचे हा नसतो. ते करायचे कुठे, हा असतो. आम्ही पाहिलेल्या एका नगरपालिकेच्या शाळेत वरच्या मजल्यावर सभागृह होणार म्हणून खांब उभे राहिले. खांबांतून वर आलेल्या सळ्या गंजल्या, पण सभागृह काही झाले नाही. दरवर्षी मुले व्हरांड्यात नाचली. कधी वर्गातली बाके भिंतीला लावून नाटुकले उरकले गेले. ‘पुढच्या वर्षी स्टेज होणार’ असे पाचवीत ऐकलेली मुले सातवी करून शाळा सोडून गेली. इमारतीला उशीर झाला तर कंत्राटदाराला मुदतवाढ मिळते. सहावीतल्या मुलीला तिची सहावी पुन्हा कोण देणार?

हा प्रश्न एका शाळेचा नाही आणि एका गावाचाही नाही. कोल्हापूरचे उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये तिथे पॅलेस थिएटर उभारले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. शाळा आणि रंगभूमी या दोन्ही गोष्टी रयतेच्या हक्काच्या आहेत, हे त्या राजाला कळले होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले. केशवरावांच्या जयंतीची ती आदली रात्र होती. सारा महाराष्ट्र हळहळला आणि शासनाने ते पुन्हा उभारण्याची घोषणा केली. हे योग्यच झाले. पण नाट्यगृह बंद पडले की व्यावसायिक नाटक कंपनी दुसऱ्या शहराची तारीख धरते. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांनी कोणती तारीख धरायची? त्यांच्याकडे बसच्या भाड्याचेही पैसे नसतात. नाट्यगृहाच्या चर्चेत कलावंत असतात, निर्माते असतात, रसिक असतात. शाळकरी मुले कुठे असतात?

कायद्यानेही हा विषय अर्ध्यावर सोडला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलाच्या सर्वांगीण विकासाची भाषा बोलतो. त्याच्या अनुसूचीत शाळेत काय काय हवे याची यादी आहे: वर्गखोल्या, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, कुंपण, ग्रंथालय. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही हवा. पण तो निदेशक जे शिकवील ते मुलांनी उभे राहून दाखवायचे कुठे, याबद्दल ही अनुसूची गप्प आहे. सभागृह नाही, साधा ओटाही नाही. यादीत जे नाही त्याची कुणी तपासणी करत नाही, आणि ज्याची तपासणी नाही त्यासाठी निधीही सहसा येत नाही. मग २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि कला यांत भिंत नको असे म्हटले, म्हणून काय बदलणार?

याचा फटका बसतो तो स्पर्धेत. केंद्र सरकारने २०१५ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘कला उत्सव’ सुरू केला. त्यात संगीत, नृत्य, नाट्य असे प्रकार असतात. ज्या महागड्या खासगी शाळेत स्वतःचे सभागृह आहे, तिथली मुले वर्षभर दिव्यांच्या उजेडात उभी राहतात, ध्वनिक्षेपक हाताळतात. आमची मुलगी मंच पहिल्यांदा पाहते ती थेट स्पर्धेच्या दिवशी. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, उजेडाने तिचे डोळे दिपतात, आणि निकालाच्या कागदावर तिची ‘गुणवत्ता’ कमी ठरते. ही गुणवत्ता नावाची चीज कशी घडवली जाते, हे चळवळीच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको.

यावर काही शहाणे आम्हालाच आमचा इतिहास ऐकवतात. तुमच्या जलशांना कुठे नाट्यगृह लागले होते, असे विचारतात. खरे आहे. सत्यशोधक जलसे गावाच्या पारावर झाले. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा वस्तीवस्तीत नेला; कंदिलाच्या उजेडात माणसे जागी केली. तो आमचा अभिमान आहे. पण अभाव सोसला म्हणून तो अभाव आमचा अलंकार होत नाही. आमच्या आजोबांनी कंदिलावर काम केले म्हणून नातवाच्या शाळेत वीज नको, असे कुणी म्हणेल काय?

आणि मंच नाकारला गेल्याची किंमतही आम्हालाच ठाऊक आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भटाकडून नाडले गेलेले शेतकरी जोडपे शेवटी शिक्षणाची वाट धरते, असे ते नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि शतकाहून अधिक काळ ते हस्तलिखितातच राहिले. उलट जिथे संस्था आपली होती तिथे काय घडले तेही पाहा. बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक केले, तेही बाबासाहेबांच्या उपस्थितीत. दलित रंगभूमीच्या वाटेवरचे हे महत्त्वाचे पाऊल शिक्षणसंस्थेतच पडले.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. नाट्यगृहाचे बांधकाम किंवा दुरुस्ती सुरू असेल तोवर महापालिकेने आपल्या शाळांसाठी पर्यायी जागा ठरवावी आणि ती मोफत द्यावी. नाट्यगृह खुले झाल्यावर वर्षातल्या काही तारखा सरकारी शाळांसाठी राखून ठेवाव्यात, उद्घाटनाच्या दिवशी स्वागतगीत गाण्यापुरते मुलांना बोलावू नये. आणि कोटींच्या सभागृहाची वाट पाहत बसण्याऐवजी प्रत्येक शाळेच्या आवारात एक पक्का ओटा, वर पत्रा, दोन दिवे आणि एक ध्वनिक्षेपक एवढे तरी आधी द्यावे.

हे आपोआप होणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते आणि अनुदानाचा आधार तो आराखडा असतो. वाचकहो, तुमच्या वस्तीतल्या शाळेच्या आराखड्यात मंचाचा उल्लेख आहे काय? नसेल तर पुढच्या बैठकीला जा, ओट्याची मागणी लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. यंदाची सहावी लवकरच संपेल.