तोक्योतले करमुक्त खाते

तोक्योच्या निशिकासाई भागात भारतीय संगणक अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. तीत मराठी घरेही आहेत. या मुलांच्या बोलण्यात हल्ली ‘निसा’ हा शब्द वारंवार येतो. जपानमध्ये शेअर आणि फंडांच्या नफ्यावर सुमारे वीस टक्के कर पडतो. निसा खात्यात तो माफ. २०१४ साली आलेली ही योजना २०२४ पासून कायमची झाली. मर्यादा वर्षाला ३६ लाख येन, आयुष्यभरात १ कोटी ८० लाख. परदेशी नागरिकालाही खाते मिळते, पण तो तिथला रहिवासी हवा.

खाते एका वेळी एकाच संस्थेत ठेवता येते, म्हणून मुले दलालीचे दर ताडून पाहतात. त्यात आता फारसे उरलेले नाही. एसबीआय (आपली स्टेट बँक नव्हे, निव्वळ नावसाधर्म्य!) आणि राकुतेन यांनी २०२३ मध्येच जपानी शेअरांच्या ऑनलाइन सौद्यांवरची दलाली शून्यावर आणली.

बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला दुसराच प्रश्न पडतो. उद्या वडिलांच्या आजारपणापायी पुण्याला कायमचे परतावे लागले तर? रहिवास संपला की करमाफी संपते. काही संस्था अनिवासीचे खाते ठेवतच नाहीत. बाजार पडलेला असला तरी विकून मोकळे व्हायचे. कंपनीने बदलीवर देशाबाहेर पाठवले, तर पाच वर्षांपर्यंत सवलत राखता येते, पण संस्थेची तयारी हवी आणि अर्ज निघण्यापूर्वी द्यावा लागतो. राजीनामा देऊन परतणाऱ्याला तीही नाही.

हे नियम बहुधा जपानी भाषेतच असतात. कचेरीतल्या जपानी सहकाऱ्याला शेजारी बसवून तेवढा भाग सही करण्याआधी वाचून घ्यावा.