क्वेसार आणि कृष्णविवरे : विज्ञानकथेमागील विज्ञान

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव जयंत विष्णू नारळीकर यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतले होते. २०२० साली उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्याच संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्या विज्ञानाकडे पाहावे ते या कारणाने. येथे त्यातील एकच प्रश्न घेऊ.

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी कन्या राशीतील '३सी २७३' या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूचा वर्णपट तपासला. त्यातील रेषा तांबड्या रंगाकडे सुमारे १६ टक्क्यांनी सरकल्या होत्या. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. विश्वाच्या प्रसरणामुळे ती घडते असे मानले, तर हा बिंदू दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर ठरतो. इतक्या अंतरावरूनही तो साध्या दुर्बिणीतून दिसतो, याचा अर्थ त्याचे तेज शेकडो दीर्घिकांइतके असले पाहिजे. उमरगा किंवा भूमच्या एखाद्या अंधाऱ्या माळावरून, मध्यम आकाराच्या दुर्बिणीने, तो आपणही शोधू शकता. दिसेल मात्र केवळ एक फिकट ठिपका.

हे तेज येते कोठून? दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराभोवती वायू भोवऱ्यासारखा फिरतो, घर्षणाने तापतो आणि आत पडण्यापूर्वीच झळाळतो. कृष्णविवर स्वतः काळेच राहते. उजळतो तो त्याचा घास.

नारळीकरांना हे सारे निःशंकपणे मान्य नव्हते. काही क्वेसारांची ताम्रसृती प्रसरणाखेरीज अन्य कारणानेही असू शकेल, असे ते हॉइल, आर्प आणि बरबिज यांच्याप्रमाणे मानत. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हे मत स्वीकारले नाही. क्वेसारांभोवतीच्या दीर्घिकांची ताम्रसृती क्वेसारांइतकीच आढळली, तसेच मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने वाकून एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा झाल्याचे १९७९ मध्ये दिसले. पुरावा अंतराच्या बाजूने आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही प्रस्थापित मताला जाहीरपणे प्रश्न विचारणारा लेखक म्हणून नारळीकरांची ही भूमिका त्यांच्या वाचकाने जाणून घ्यावी.

अंतर मान्य केले की नवी अडचण उभी राहते. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. २०२१ साली जाहीर झालेल्या 'जे ०३१३-१८०६' या क्वेसारचा प्रकाश निघाला, तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ६७ कोटी वर्षे होते. आणि त्यातील कृष्णविवराचे वस्तुमान होते सुमारे १६० कोटी सूर्यांइतके! कृष्णविवराला हवे तितक्या वेगाने वाढता येत नाही, कारण आत पडणाऱ्या वायूचाच प्रकाश मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. या मर्यादेत त्याचे वस्तुमान दुप्पट व्हायला ढोबळमानाने तीन ते साडेतीन कोटी वर्षे लागतात. आता हिशेब करा. मृत ताऱ्यापासून बनलेले १०० सूर्यांचे बीज १६० कोटींपर्यंत न्यायचे, तर ते सुमारे २४ वेळा दुप्पट व्हावे लागेल. म्हणजे किमान ७२ कोटी वर्षे, आणि तीही एकदाही उपाशी न राहता. विश्वाजवळ तेवढा वेळच नव्हता.

यावर एक उत्तर असे : काही बीजे मुळातच मोठी असावीत. वायूचा अवाढव्य ढग तारे न बनवता थेट कोसळला, तर एक लाख सूर्यांचे बीज तयार होऊ शकेल. मग १४ दुपटी पुरतात, म्हणजे ४२ ते ४९ कोटी वर्षे. कोइम्बतूरला जन्मलेल्या प्रियंवदा नटराजन यांनी या कल्पनेवर दीर्घकाळ काम केले आहे. २०२३ मध्ये 'यूएचझेड१' या दीर्घिकेत, विश्व सुमारे ४७ कोटी वर्षांचे असतानाचे कृष्णविवर सापडले. त्याचे वस्तुमान दीर्घिकेतील सर्व ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाशी तुलना करण्याइतके आहे. आपल्या आकाशगंगेत मात्र हे प्रमाण हजारात एकाहूनही पुष्कळ कमी भरते. मोठ्या बीजाच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. परंतु बीज लहान असून मर्यादा ओलांडून झपाट्याने वाढले, असे म्हणणाराही एक पक्ष आहे, आणि त्याचे म्हणणे अद्याप खोडले गेलेले नाही.